पाण्यातल्या बाया

मागच्या वेळी आपण कर्जाच्या हप्त्यांवर बोललो, पुढच्या वेळी शेळ्यांच्या विम्यावर बोलायचं ठरलंय. मधल्या आजच्या वेळेत मी तुम्हाला साती आसरांबद्दल सांगणार आहे. विषय ऐकून काही जणी हसतील, काही जणी कानाला हात लावतील. पण ऐका. आपल्या एका गटात आषाढात जे घडलं, त्यावरून हे सगळं सुचलं.

गटातल्या एका मावशींची सून बाळंत झाली. घरी आल्यावर नवव्या दिवशी तिला थंडी वाजून ताप भरला. अंग भट्टीसारखं तापलं आणि ती काहीबाही बडबडायला लागली. माहेरच्या कुणाला तरी हाका मारत होती, पण बाळाला जवळ घेईना. नळाला पाणी आलं नव्हतं म्हणून ती आदल्या दिवशी बाळाची दुपटी धुवायला गावाबाहेरच्या बारवेवर गेली होती. सासूबाईंनी लगेच ठरवून टाकलं, "आसरा लागल्या." ओटीचं सामान निघालं, शेजारच्या गावच्या देवऋषीला निरोप गेला. तेवढ्यात आशाताईंचा मला फोन आला. मी गेले, आम्ही दोघी दारात तासभर बोलत बसलो. शेवटी मावशी म्हणाल्या, "बरं, दोन्ही करू." मोठ्या जावेने बारवेवर ओटी भरली आणि सुनेला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. वारेचा तुकडा आत राहून जंतुसंसर्ग झाला होता. सून आज बरी आहे. परवा गटाच्या बैठकीला बाळ घेऊन आली होती.

त्यानंतर मावशींनी मला एक प्रश्न विचारला. "मग काय, आसरा खोट्या का गं? माझ्या आजीपासून आम्ही पुजतो." मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. बी. ए.ला माझा इतिहास होता, पण तिथं राजे आणि लढाया शिकवल्या, आसरा नाही. म्हणून मग मी शोधत बसले.

पाचोडला नवीन आलेल्यांसाठी आधी आसरा म्हणजे काय ते सांगते. विहीर, बारव, नदीचा डोह, ओढ्याचा काठ, अशा पाण्याजवळ सात दगड ओळीनं मांडलेले असतात. त्यांना शेंदूर लावलेला असतो. नाकडोळे नाहीत, हातात शस्त्र नाही, बसायला वाहन नाही. बहुतेक ठिकाणी देऊळही नसतं. हळदीकुंकू, हिरव्या बांगड्या, खण, नारळ, दहीभात, एवढंच त्यांना लागतं, म्हणजे सवाष्णीला जे द्यायचं तेच. त्या पोर देतात म्हणून त्यांना नवस बोलायचा, आणि त्याच बाळंतिणीला धरतात म्हणून त्यांना भ्यायचंही. लहानपणी मला वाटायचं आसरा म्हणजे आधार, निवारा, तोच शब्द. पण हा शब्द अप्सरेवरून आला. अप् म्हणजे पाणी. इंद्राच्या दरबारात नाचणाऱ्या अप्सरा नंतरच्या, आधीच्या अप्सरा पाण्यातल्याच. ऋग्वेदात उर्वशी आणि पुरूरव्याचा संवाद आहे आणि पुढे शतपथ ब्राह्मणात तीच उर्वशी मैत्रिणींबरोबर पक्षीण होऊन तळ्यात पोहताना दिसते. दरबारातल्या नाचणाऱ्या अप्सरांची चित्रं झाली, कॅलेंडरं छापली गेली. पाण्यातल्यांना आपण बायकांनी दगड मांडून सांभाळलं.

सात बायांचं एक जुनं रूप आपल्याच जिल्ह्यात आहे. वेरूळला सहल गेली तर कैलास लेणं बघून लगेच बसमध्ये बसू नका. १४ आणि २१ नंबरच्या लेण्यांत सप्तमातृका कोरल्या आहेत, तिथं जरा थांबा. त्या सात जणींना नावं आहेत, वाहनं आहेत, दागिने आहेत. राजाश्रयातलं काम ते. तुमच्या विहिरीवरच्या सात दगडांचं त्यांच्याशी नातं असावं असं बरेच अभ्यासक मानतात. दामोदर धर्मानंद कोसंबी नावाचे मोठे विद्वान होते. गणिताचे प्राध्यापक, पण सुटी मिळाली की पुण्याच्या आसपास पायी हिंडून रस्त्याकडेच्या, शेताच्या बांधावरच्या देवींची माहिती घ्यायचे. त्यांचं पुस्तक १९६२ साली आलं. मावळातल्या पाण्याकाठच्या मावलाया, म्हणजे लहान आया, त्यांना फार महत्त्वाच्या वाटल्या. शेंदराच्या दगडात इतिहास असतो, हे त्यांनी दाखवून दिलं.

पण मावशींच्या प्रश्नाच्या जवळ मला नेलं ते दुसऱ्याच एका पुस्तकानं. त्याची हकीकत विचित्र आहे. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन तुम्हाला शाळेच्या पुस्तकातून माहीत असेल. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. या जॅक्सनला लोकांच्या समजुती गोळा करायचा नाद होता. त्यानं प्रश्नांची यादी करून गावोगावच्या शाळामास्तरांकडे पाठवली होती. तुमच्या गावात भुतं कोणती, विहिरीत कोण राहतं, बाळंतिणीला काय बांधतात, असे प्रश्न. तो गेल्यावर एन्थोवेन नावाच्या अधिकाऱ्यानं ती उत्तरं नीट लावून छापली. कोकणाचा भाग १९१५ साली निघाला. त्यात आसरांबद्दल जे लिहिलंय ते वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. तिथं म्हटलंय की एकदोन बाळंतपणं झालेल्या आणि नंतर पाण्यात जीव दिलेल्या तरुण बायका आसरा होतात.

परत एकदा सांगते. बाळंतपण झालेल्या, वयानं तरुण, पाण्यात जीव दिलेल्या.

मास्तरांनी हे भुतांच्या यादीत घातलं. भुतांचे प्रकार, एक, दोन, तीन, त्यातला हा एक. त्या बायांनी जीव का दिला, हा प्रश्न यादीत नव्हता. मास्तरांनी कुणा सासुरवाशिणीला बसवून विचारलं असेल असं मला वाटत नाही. ज्यांच्या मुलाखती घ्यायला हव्या होत्या त्या पदर ओढून आत होत्या.

आता तुम्हाला जरा लांब घेऊन जाते, आयर्लंडला. इंग्लंडच्या शेजारचं बेट आहे ते. तिथंही तेव्हा आपल्यासारखंच इंग्रजांचं राज्य होतं. होमरूल हा शब्द आपल्याकडे तिथूनच आला. शेतकऱ्यांचा देश, दुष्काळ सोसलेला, बटाट्यावर जगणारा. तिथल्या जुन्या लोकांना केल्ट म्हणतात. त्यांच्या पऱ्यांबद्दल मी वाचायला घेतलं तेव्हा डोक्यात पंखवाली, हातात छडी घेतलेली, टीव्हीवरची परी होती. तशी ती मुळीच नाही. आयर्लंडच्या पऱ्या माणसाएवढ्या, माणसासारख्या. त्यांना तिकडे शी म्हणतात, म्हणजे टेकाडातली माणसं. त्यांची गोष्ट अशी की ते आधीचे देव, नव्या लोकांनी त्यांना हरवलं, म्हणून ते जमिनीखाली राहायला गेले. ख्रिस्ती साधूंनी ११व्या शतकात हे सगळं लिहून काढलं. बॉयन नदीकाठी न्यूग्रेंज नावाचं मोठं दगडी थडगं आहे, पाच हजार वर्षांपूर्वीचं. तेही त्यांचंच घर म्हणून सांगतात.

त्या बॉयन नदीची गोष्ट तर तुम्ही ऐकाच. बोअन नावाची एक बाई होती. तिच्या नवऱ्याच्या ताब्यात एक विहीर होती, ज्ञानाची. तिथं नवरा आणि त्याचे तीन पाणके सोडून कुणी जायचं नाही. बोअन गेली. उलटी प्रदक्षिणा घातली. तसं विहिरीचं पाणी उसळलं, तिला जखमी करून तिच्या मागं लागलं, ती समुद्राकडे पळाली, आणि ती जिथून पळाली तिथून नदी वाहायला लागली. नदीला नाव तिचंच. मी ही गोष्ट गटात सांगितली तर एक आजी म्हणाल्या, "म्हणजे तिकडंबी विहीर गड्याच्याच नावावर." सातबारा ज्यांनी पाहिलाय त्यांना हसू येईल.

तिकडे या पऱ्यांचं नाव घ्यायचं नाही, "चांगली माणसं" म्हणायचं. आपल्याकडेही जुन्या बाया आसरांना नुसतं "त्या" म्हणतात. तिकडे पऱ्यांच्या टेकाडाला नांगर लावायचा नाही, आपल्याकडे आसरांच्या डोहात दुपारच्या कडक उन्हात उतरायचं नाही. तिकडे पाळण्यावर लोखंडी चिमटा आडवा ठेवायचे, आपण बाळंतिणीच्या उशाखाली विळा ठेवतो. दोन्हीकडे लोखंड. पाच हजार मैलांवरची बाई आणि पाचोडची बाई एकाच भीतीनं एकच वस्तू उशाला घेत होत्या, आणि दोघींनाही एकमेकींचा पत्ता नव्हता.

भीती कशाची होती? पऱ्या बाळंतिणीला उचलून नेतात, ही. त्यांच्या लेकरांना दूध पाजायला त्यांना माणसाची आई लागते, अशी समजूत. मग घरात जी उरते, खंगलेली, न बोलणारी, बाळाकडे न बघणारी, ती खरी बाई नव्हे, पऱ्यांनी मागं ठेवलेली नकली बाई. आता मावशींची सून आठवा. ताप, बडबड, बाळाला जवळ न घेणं. बाळंतपणानंतरचा ताप आणि बाळंतपणानंतर मनावर येणारं आजारपण, या दोन्हींना तेव्हा नाव नव्हतं. औषध नव्हतं. त्या जागी गोष्ट होती. ती मेली असं म्हणण्यापेक्षा तिला नेलं असं म्हणणं घरच्यांना सोपं जात असेल. मला यात खोटेपणा दिसत नाही, दुःख दिसतं.

पण पुढचं मी गोड करून सांगणार नाही.

टिपेररी परगण्यात बॅलीवॅडली नावाच्या वस्तीवर ब्रिजेट क्लिअरी राहत होती. वय २६. नवरा लाकडी पिंपं बनवायचा. ब्रिजेट शिवणकाम करायची, तिच्याकडे शिलाई मशीन होतं, कोंबड्या होत्या, अंडी विकायची. म्हणजे आपल्या गटात असती तर तिला पहिलं कर्ज मिळालं असतं. लग्नाला सातआठ वर्षं झाली होती, मूल नव्हतं. मार्च १८९५ च्या सुरुवातीला ती अंडी पोचवायला चालत गेली, थंडी लागली आणि आजारी पडली. वाटेत पऱ्यांचं टेकाड होतं. डॉक्टरला निरोपामागून निरोप गेले, तो बऱ्याच दिवसांनी आला, औषध देऊन गेला. तोवर घरात ठरून गेलं होतं की ही ब्रिजेट नव्हेच. नवऱ्यानं आणि नातलगांनी तिला पलंगावर धरून ठेवलं, झाडपाल्याचा काढा तोंडात ओतला, आणि तू माझी बायको आहेस का, देवाचं नाव घेऊन सांग, असं पुन्हा पुन्हा विचारलं. ती हो म्हणत होती. १५ मार्चच्या रात्री नवऱ्यानं तिच्यावर दिव्याचं तेल ओतून तिला जाळलं. तिचे वडील घरात होते. नात्यातली माणसं घरात होती. नंतर तो नवरा रात्री पऱ्यांच्या टेकाडापाशी जाऊन बसला. खरी ब्रिजेट पांढऱ्या घोड्यावरून येईल, मग मी तिला सोडवीन, म्हणत होता.

तिचं प्रेत आठवड्यानं सापडलं. नवऱ्याला २० वर्षांची सक्तमजुरी झाली, १५ वर्षं भोगून तो १९१० साली सुटला आणि देश सोडून गेला. इंग्रजांच्या वर्तमानपत्रांनी लिहिलं, बघा, असल्या अडाणी लोकांना स्वराज्य कशाला द्यायचं. त्यांच्या त्या ओरडीत ब्रिजेट बाजूलाच राहिली. शंभर वर्षांनी, १९९९ मध्ये, अँजेला बर्क नावाच्या तिथल्याच अभ्यासक बाईंनी तिच्यावर सगळं पुस्तक लिहिलं. शिलाई मशीन, कोंबड्या, तिचे कपडे, मूल नसणं, हे सगळं त्यांनी पुढं आणलं. स्वतः कमावणारी, नीटनेटकी राहणारी, कुणापुढे मान न वाकवणारी बाई होती ती. अशा बाईला "ही आमची नव्हे" म्हणणं लोकांना किती सोपं जातं, हे मला तुम्हाला वेगळं सांगायला नको. आणि तेल ओतून जाळलेल्या सुनांच्या बातम्या वाचतच आपण मोठ्या झालो. त्यात पऱ्यांचं नाव नव्हतं, "स्टोव्हचा भडका" होता.

आपल्याकडे २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी वर्षानुवर्षं धडपड केली आणि त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात त्यांचा खून झाला. त्यांच्या खुनानंतर चार दिवसांनी अध्यादेश निघाला, डिसेंबरात कायदा मंजूर झाला. भूत उतरवायच्या नावाखाली कुणाला बांधणं, मारणं, चटके देणं, हा गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार दंड. ओटी भरायला, नैवेद्य दाखवायला या कायद्यानं कुठंही मनाई केलेली नाही. मावशींना मी हे सांगितलं तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांना वाटत होतं पोलीस नारळ मोजायला येतात.

म्हणून आषाढातल्या त्या "दोन्ही करू"वर मी पुष्कळ विचार केला. माझ्या काही शिकलेल्या मैत्रिणी म्हणतात, तू ओटी भरू द्यायला नको होतीस. माझं मत तसं नाही. मी दारात वाद जिंकत बसले असते तर गाडीला उशीर झाला असता. देवऋषी मात्र येऊ दिला नाही, त्यावर मी अडून बसले. ओटी बारवेवर गेली, सून दवाखान्यात गेली. उलटं झालं नाही, एवढंच बघायचं असतं. ताप, दुर्गंधीचं अंगावरचं जाणं, रक्त न थांबणं, फिट येणं, बडबड, बाळाकडे न बघणं, यातलं काहीही दिसलं तर रात्र असो की अमावास्या, १०८ ला फोन करायचा. आशाताई ४२ दिवसांपर्यंत घरी येतात त्या याचसाठी. त्यांना दारातून परत पाठवू नका.

आता राहिला मावशींचा प्रश्न. आसरा खोट्या का?

आयर्लंडनं काय केलं ते आधी सांगते. देश स्वतंत्र झाल्यावर १९३७ ते ३९ मध्ये त्यांनी पाच हजार शाळांतल्या पाचवी-सहावीच्या मुलांना वह्या दिल्या. सुमारे ५० हजार मुलांनी घरातल्या आजीआजोबांना विचारून गोष्टी लिहून आणल्या. पऱ्या, पवित्र विहिरी, घरगुती औषधं, दुष्काळाच्या आठवणी. जॅक्सननं मास्तरांना विचारलं होतं, यांनी नातवंडांना आजीकडे पाठवलं. फरक आहे की नाही? त्या वह्या आजही जपून ठेवल्यात. तिथं पऱ्यांवर आता कुणाचा फारसा विश्वास नाही, पण १९९९ साली क्लेअर परगण्यात मोठा रस्ता होत असताना पऱ्यांचं म्हणून मानलेलं एक काटेरी झाड मध्ये आलं, तर एका गोष्टी सांगणाऱ्या माणसानं आवाज उठवला आणि ते झाड वाचलं. आपला धुळे-सोलापूर रस्ता चौपदरी झाला तेव्हा किती झाडं गेली, किती दगड हलले, तुम्ही पाहिलंच आहे.

आपल्याकडेही असं एक काम झालंय, जात्यावरच्या ओव्यांचं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवां यांनी खेड्याखेड्यांत बायकांपाशी बसून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. प्रत्येक ओवीखाली ती गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव. आसरांचं असं काही आपल्या भागात करावं असं माझ्या मनात आलं.

म्हणून मागच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाल्यावर मी ठराव वहीची मागची कोरी पानं उघडली आणि विचारलं, आपल्या बारवेवर, विहिरींवर, आसरा कुणी मांडल्या, कधी मांडल्या, कशामुळे? आधी कुणी बोलेना. मग मावशीच बोलल्या. त्या बहात्तरच्या दुष्काळात दहाएक वर्षांच्या होत्या. मोठी माणसं खडी फोडायला जायची, पोरींनी पाणी आणायचं. बारवेत वीतभर पाणी उरलं होतं, वाटीनं भरायचं. त्याच्या आधल्या वर्षी पाणी भरपूर असताना एक नवी बाळंतीण तिथं गेली होती, ती वर आली नाही. पाय घसरला म्हणाले. बारवेवरचा शेंदूर त्यानंतरचा. मावशींची आई दर आषाढात तिथं हिरव्या बांगड्या ठेवायची आणि लेकींना सांगायची की त्यात एक बांगडी तिची.

"तिचं नाव काय होतं?" मी विचारलं.

मावशींनी नाव सांगितलं. मग दुसऱ्या आजींनी तिचं माहेर सांगितलं. तिसरीनं सांगितलं की तिला पहिली मुलगी होती आणि दुसरीही मुलगीच झाली होती. मी ते वहीत लिहून घेतलं. इथं रेडिओवर सांगत नाही, तिच्या माहेरची माणसं अजून जवळच्या गावात आहेत आणि त्यांना विचारल्याशिवाय ते बरं नाही. मावशींनी मात्र मला परत प्रश्न विचारला नाही. त्या म्हणाल्या, "लिहिलंस ना? मग आता पुढचं पान घे. कोळवाड्याच्या विहिरीचं अजून राहिलंय."

तुमच्या गावच्या विहिरीचं कुणाला माहीत असेल तर गटाच्या वहीत लिहून ठेवा, किंवा लिहिता येत नसेल तर लेकीला नाहीतर नातीला सांगा. बुधवारी मी केंद्रावर असते.